गाय आम्हांला दूध देते

कर्जतच्या गाडीने निघालात की कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर. पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला "शिरगाव" एवढेच सांगायचे. थोड्याच वेळात तो तुम्हांला सिमेंटच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या इमारतींच्या मधोमध आणून सोडतो. या इमारतींची नावे मोठी वाचण्यासारखी असतात. कुठे गोकुळ, कुठे वृंदावन, कुठे नंदनवन. आम्ही राहतो तेही असेच एक गोकुळ. आमच्या गोकुळात चौसष्ट बिऱ्हाडे आहेत, दोन लिफ्ट आहेत, आणि पहाटे पाचला दुधाच्या पिशव्यांचे क्रेट फाटकापाशी आदळल्याचा आवाज न चुकता येतो. गाय तेवढी नाही.

गंमत अशी की, या गावाचे नावच जनावरांवरून पडले असे सांगतात. शिवकाळात सुरतेकडून रायगडाकडे जाताना स्वार येथे थांबत, दमलेले घोडे सोडून ताज्या दमाचे घेत, म्हणून हे बदलापूर. या व्युत्पत्तीला कागदाचा आधार किती, हे इतिहासाच्या प्राध्यापकांनी सांगावे. मी मराठीची प्राध्यापिका. मला ती पटो न पटो, आवडते. हल्ली येथे लोक घोड्यांऐवजी कल्याणला गाड्या बदलतात, एवढाच फरक.

तर अशा या गोकुळात राहणाऱ्या आमच्या मुक्ताला गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता शाळेतून एक तक्ता करून आणायला सांगितले. मुक्ता सहा वर्षांची. तक्त्याचा विषय, 'पाळीव प्राणी व त्यांचे उपयोग'. तीन रकाने आखायचे: चित्र, नाव, उपयोग. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात छापील चित्रांचा कागद तयारच मिळतो. दुकानदाराने न विचारताच दोन कागद पुढे केले, कारण त्या आठवड्यात निम्मे शिरगाव गाई-म्हशी कापून डकवीत होते. आमचे हे कात्री घेऊन बसले, मी डिंक घेऊन बसले, आणि मुक्ता पाठ केलेला उपयोग म्हणू लागली. गाय दूध देते. म्हैस दूध देते. शेळी दूध देते. कोंबडी अंडी देते. मेंढी लोकर देते. बैल शेत नांगरतो.

मध्येच थांबून तिने विचारले, "आई, दूध देते म्हणजे कोणाला देते?"

"आपल्याला."

"का देते?"

आता 'देणे' हे क्रियापद आले की ज्याला द्यायचे तो संप्रदान, आणि त्याची विभक्ती चतुर्थी, हे मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आले आहे. 'गाय आम्हांला दूध देते.' पण देणाऱ्याने का द्यावे, हा प्रश्न व्याकरणात येत नाही. मी हातातल्या डिंकाकडे बघत सांगून टाकले, "गाय प्रेमळ असते ना, म्हणून."

आणि हे वाक्य तोंडातून गेल्याबरोबर माझी मलाच लाज वाटली. माझे बालपण मुरबाड तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. घरी बैलजोडी होती, एक गाय होती. त्या गाईने माझ्या गुडघ्यावर मारलेल्या लाथेचा व्रण अजून आहे. गाय प्रेमळ असते ती तिच्या वासराशी. आमच्याशी ती फार तर सहनशील असे. हे मला पाचव्या वर्षी ठाऊक होते, आणि एम. ए. होऊन चाळिशी उलटल्यावर मी माझ्या मुलीला त्या दुकानातल्या छापील कागदाइतकीच माहिती देत होते.

शिरगावात एक जुने गाव अजून आहे. इमारतींच्या मागे, रस्ता एकदम अरुंद होतो तेथे. कौलारू घरे, तुळशीवृंदावने, एखादे जांभळीचे झाड, आणि सगळ्यांच्या मागे डोंगराची रांग. पावसाळा सरला की चंदेरीचा सुळका येथून असा स्वच्छ दिसतो की बघणाऱ्याने ऑफिस विसरावे. याच भागात एका आजींचा गोठा आहे. दोन म्हशी, एक गाय, तिचे वासरू आणि चार शेळ्या. पूर्वी येथे भातशेती होती. शेत गेले, त्यावर इमारत उभी राहिली, आणि आजींच्या मुलाला तिच्यात दोन ब्लॉक मिळाले. आजी मात्र गोठ्याशेजारच्या खोलीतून हलल्या नाहीत. "वर म्हस चढंल का?" असा त्यांचा बिनतोड सवाल आहे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी मुक्ताला तेथे घेऊन गेले. दारातच तिने रुमाल नाकाला लावला. आजी म्हणाल्या, "नाक धरलंस तर वास तोंडानं आत जाल गो." मुक्ताने थोडा विचार केला आणि रुमाल खिशात ठेवला.

धारेची वेळ झाली होती. आजींनी वासराचे दावे सोडले. ते जे सुटले ते थेट आईच्या कासेला जाऊन भिडले, आणि डोक्याने तिला अशा ढुशा देऊ लागले की मुक्ता दचकून मागे सरली. "मारतंय ते तिला!" आजी हसल्या. "मारीत नाय. मागतंय." बघता बघता गाय पान्हावली. तिने मान वळवली, वासराची पाठ चाटायला सुरुवात केली, आणि वासराच्या तोंडाच्या कडेने फेस येऊ लागला. मग आजींनी त्याला ओढून गाईच्या तोंडाशी बांधले, ओल्या फडक्याने कास पुसली, चरवी गुडघ्यांत धरली आणि धार काढायला बसल्या. रिकाम्या चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेचा आवाज आणि ती भरत आल्यावरचा आवाज यांत किती अंतर असते, हे मी विसरले होते.

"आजी," मुक्ता म्हणाली, "गाय तुम्हांला दूध का देते?"

"ती कशाला देल? मी घेते." धार न थांबवता आजी म्हणाल्या. "दोन आचळं तिच्या पोराची, दोन माझी. मी सकाळी उठून हिचं शेण काढते, पेंढा आणते, पेंड भिजवते, पाणी दाखवते. हिशेब हाय तो."

वीस वर्षांत मला जे सुचले नाही ते आजींनी दोन क्रियापदांत सांगितले होते. शिवाय मुक्ताला त्या दिवशी पहिल्यांदाच कळले की, वासरू झाल्याशिवाय गाईला दूध येतच नाही. तिची समजूत अशी होती की गाय म्हटली की दूध, जसे नळ म्हटला की पाणी. (शिरगावातल्या नळांची सवय असलेल्या मुलीला नळाबद्दल तरी ही खात्री कशी वाटली, देव जाणे.) नऊ महिने पोटात वासरू वाढवायचे, मग त्याच्या वाट्याच्या दुधातले आपण काढून घ्यायचे, म्हशीचे तर दहा महिने. दोन म्हशींपैकी एक तेव्हा गाभण होती. आजींनी मुक्ताचा हात धरून तिच्या कुशीवर टेकवला. आत काहीतरी हलले. मुक्ताने हात काढला नाही. बराच वेळ काढला नाही.

परत निघताना आणखी एक गोष्ट झाली. मुक्ताचे पुढचे वरचे दोन दात नुकतेच पडले होते, आणि त्याचे तिला फार वाईट वाटत होते. आजींनी ते पाहिले आणि गाईचे तोंड उघडून तिला दाखवले. गाईला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच! नुसती कडक हिरडी. गवत जिभेने वेटाळायचे, खालचे दात आणि वरची हिरडी यांत धरायचे आणि हिसकायचे. मग ते घाईघाईने गिळून सावकाश रवंथ करीत बसायचे. खालचे आठ दात मात्र माणसासारखेच आधी दुधाचे असतात, मग जोडीजोडीने पडून कायमचे येतात. त्यावरून वय ओळखतात. आजी बोटे मोडून सांगू लागल्या: आधी आदत, म्हणजे दुधाच्या दातांचे, मग दोन दाती, मग चार दाती, मग सहा दाती. मुक्ताने विचारले, "मग मी?" आजींनी तिची हनुवटी वर करून नीट पाहिले आणि निर्णय दिला, "तू अजून आदतच."

त्या दिवसापासून आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, मग तो कितीही वडीलधारा असो, तोंड उघडून दाखवावे लागले.

आम्ही नंतर वरचेवर जाऊ लागलो. तक्त्यात नसलेले किती तरी उपयोग आजींकडे होते. शेणाचे तर अगणित. पूर्वी उन्हाळ्यात भाताच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून राब भाजीत. त्या भाजलेल्या जमिनीत रोप जोमाने येई, तण कमी माजे. ठाणे जिल्ह्यातला भात शतकानुशतके त्या शेणावर उभा राहिला, पण पुस्तकातल्या गाईला शेण नसते. शेळीपुढे तक्त्यात 'दूध देते' असे लिहिले होते. आजी म्हणाल्या, शेळी म्हणजे गरिबाची बँक. दवाखाना निघाला, लग्न निघाले की बोकड विकायचा. "विकल्यावर त्याचं काय करतात?" मुक्ताने विचारले. "खातात," आजी म्हणाल्या. आमच्या घरी रविवारी मटण होते. त्या रविवारी मुक्ताने ताटात बराच वेळ पाहिले, "हा बोकड होता ना?" म्हणून विचारले, आणि मग खाल्ले. मला वाटते, मी 'मटण झाडाला लागते' असे काहीतरी सांगितले असते तर त्यापेक्षा हे बरे झाले.

तक्ता शाळेत गेला. गाईच्या उपयोगाच्या रकान्यात मुक्ताने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले होते, 'वासराला दूध देते. उरलेले आजी घेतात.' बाईंनी ते लाल शाईने खोडून वर 'आपल्याला दूध देते' असे लिहून पाठवले. मला बाईंचा राग आला नाही. पन्नास-साठ तक्ते तपासायचे असतात, हे दुःख मला ठाऊक आहे.

वसुबारसेला आमच्या गोकुळाच्या फाटकाशी एक गाय-वासरू आणले होते. आश्विन वद्य द्वादशी, दिवाळीचा पहिला दिवा. बायकांनी रांग लावून ओवाळले, मोबाइलवर फोटो काढले. माझी आई या दिवशी गाईचे दूध, तूप, ताक यांतले काही घरात खाऊ देत नसे. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. लहानपणी मला ही उगाच शिक्षा वाटे. आता वाटते, वर्षातून एक दिवस का होईना, चारही आचळे वासराची असे कोणीतरी कधीतरी ठरवले असावे. शास्त्रात असे लिहिले आहे असे नव्हे; आजींच्या गोठ्यात जाऊन माझे डोके असे चालू लागले आहे, एवढेच. मुक्ताने मात्र कुंकू लावता लावता गाईचा ओठ खाली ओढला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असे सांगितले, "ही सहा दाती आहे."

दिवाळीच्या सुटीत यांच्या बहिणीकडे डहाणूला गेलो होतो, तेव्हा मी हट्टाने एक दिवस काढून कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आले. पूर्वी हा आमचाच ठाणे जिल्हा. २०१४ साली पालघर वेगळा झाला. टेकडीवर चिकूच्या बागा, गवत, आणि लांबवर समुद्राची रेघ. शिरगावातल्या त्या तक्त्याने मला येथे आणले होते म्हटले तरी चालेल, कारण लहान मुलांना काय आणि कसे शिकवावे याचा महाराष्ट्रात ज्यांनी मुळापासून विचार केला, त्यांतल्या दोघी बायका येथे राहिल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँटेसरीबाईंची पद्धत चांगली, पण तिची साधने महाग, खेड्यात परवडायची कोणाला? म्हणून ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेथेच अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. महागड्या साधनांच्या जागी खडे, पाने, बिया, शिंपले आले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज जो शब्द देशभर ऐकू येतो, त्याचे मूळ बोर्डीच्या त्या अंगणात आहे.

१९५७ मध्ये काम कोसबाडला आले, आणि येथे निराळीच अडचण उभी राहिली. वारल्यांची मुले शाळेत येत नसत, कारण ती सकाळीच गुरे घेऊन रानात जात. गुरे राखणारे पोर शाळेत बसवले तर गुरे कोण राखणार? मुलांना रागे भरून किंवा आईबापांना उपदेश करून हे सुटणारे नव्हते. तेव्हा शिक्षक फळा-खडू घेऊन कुरणात गेले. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, आणि गाय हाताबाहेर जाऊ लागली की विद्यार्थी उठून तिला वळवून आणतो आहे. या शाळेला नाव पडले कुरणशाळा. मराठीतल्या सुंदर शब्दांची यादी कोणी केली, तर हा शब्द मी वरच्या ओळीत घालीन.

टेकडीवर गवतात बसून मी मनाशी दोन वर्ग समोरासमोर मांडले. त्या मुलांना गुरे पाठ होती, अक्षरे शिकवायची होती. आमच्या मुक्ताला अक्षरे येतात. 'म्हैस रेकते' हे तिने म्हैस रेकताना ऐकण्याच्या दोन वर्षे आधी पाठ केले आहे. तेथे शिक्षकांनी मुलाच्या हातातले दोर न सोडवता पाटी दिली. आम्ही मुलांच्या हातात पाटी देताना दोर कधी सुटला हे पाहिलेच नाही. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. या दोघींना आमच्या शिरगावातली तक्त्याची शाळा दाखवली असती, तर त्यांनी वर्ग आजींच्या गोठ्यात भरवला असता, अशी मला खात्री आहे.

सुटीवरून परत आलो तो आजींची म्हैस व्याली होती. आजींनी चिकाचा डबा घरी पाठवला, मी गूळ-वेलदोडे घालून खरवस केला. मुक्ता गोठ्यात जाऊन आली ती डोळे मोठे करूनच. रेडकू! काळेभोर, ओले ओले, पाय एकमेकांत अडकणारे. तिने त्याचे नाव 'ढग' ठेवले. मग रोजचा शिरस्ता झाला. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचे आणि ढगाला भेटायला जायचे. तो तिची बोटे चोखी, फ्रॉक चघळी. तो आदत, ती आदत.

मार्गशीर्षात एके दिवशी आम्ही गेलो, तर ढगाचा खुंटा रिकामा होता. म्हैस मधूनच रेकत होती. आजी तिच्यापुढे पेंड ठेवून, कासेला हात चोळून तिला पान्हवायचा प्रयत्न करीत होत्या.

"ढग कुठे आहे?"

आजींनी माझ्याकडे पाहिले. "दिला," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

आजी बोलल्या नाहीत. त्यांना खोटे बोलता येत नाही. मला येते. मी चटकन म्हणाले, "घाटावर गेला तो. तिथे मोठे शेत आहे ना, हिरवा चारा असतो खूप."

रेडकू नर होते. म्हैस दूध देते, रेडा काय देतो? चिखलणीला रेडे जुंपीत तो काळ गेला. चार महिने दूध पाजून त्याला वाढवायचे, तर त्या दुधाचे पैसे आजींनी कोठून आणायचे? हिशेब हाय तो. हे सगळे मला कळत होते. पण घरी येता येता मी जे थबकले ते वेगळ्याच कारणाने. मी बोललेले वाक्य माझे नव्हते. 'घाटावर गेला, तिथे हिरवा चारा असतो.' हे शब्द बाबांचे होते, आणि ते त्यांनी मला उद्देशून म्हटले होते.

आमच्या बैलजोडीतल्या एकाचे नाव पाखऱ्या. डांगी बैल; पांढऱ्या अंगावर काळे डाग, खूर दगडासारखे कठीण. डांगी जात आमच्याकडच्या धो धो पावसाचीच. चिखलात उभी राहते, भिजते, कुरकुरत नाही. पाखऱ्या माझ्याच हातचे पाणी पिई. २००१ साली मी एम. ए. ला नाव घातले, फी आणि होस्टेलचे पैसे भरायचे होते, आणि पौषात म्हशाच्या जत्रेहून बाबा एकटेच परत आले. मी विचारले तेव्हा त्यांनी ते घाटावरचे सांगितले. बागायतदार आहे, चारा हिरवा आहे. मी एकवीस वर्षांची होते. शेतकऱ्याची मुलगी होते. उतार वयाचा बैल बागायतदार कशाला घेईल, हे मला कळत नव्हते असे नाही. पण मी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणे सोयीचे होते. आणि मग मी मराठीतल्या ग्रामीण कथेवर पेपर लिहीत राहिले.

म्हशाची जत्रा मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरते. खांबलिंगेश्वराचे देऊळ, आणि आसपास गुरांचा बाजार. यंदा मी ठरवून मुक्ताला घेऊन गेले. बदलापुराहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड गाठले, गावाहून बाबांना गाडीत घेतले आणि पुढे निघालो. बाबांनी फेटा बांधला होता. जत्रेत अजून सगळे मिळते. घोंगड्या, विळे-कोयते, सुके बोंबील, गुलाबी मिठाई, पाळणे. बैलही होते. पण बाबा सारखे म्हणत होते, "हे काहीच नाही. पूर्वी पाय ठेवायला जागा नसे."

ते खरेच असावे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सव्वाएकोणीस कोटी गाईबैल मोजले गेले. त्यांत गाई साडेचौदा कोटी. नर पावणेपाच कोटींच्या आसपास. जन्माला तर खोंड आणि कालवडी सारख्याच येतात. पॉवर टिलर आला, ट्रॅक्टर आला, आणि 'बैल शेत नांगरतो' हे वाक्य हळूहळू फक्त तक्त्यात उरू लागले. १९७६ च्या कायद्याने राज्यात गाईची कत्तल बंद होती. २०१५ पासून बैलालाही ते संरक्षण मिळाले. रेड्याला नाही. तेव्हा म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही आणि त्याला पोसायला घरात वैरण नाही, असा पेच बाजारात जो तो सांगत होता. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत तर बाजारच बंद ठेवावे लागले. जे बैल तेज दिसले, अंगावर रेशमी झूल, शिंगांना रंग, ते शर्यतीचे. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यापासून त्यांना भाव आला आहे. बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते. ते जरा कडेला बांधलेल्या, साध्या दोरीच्या बैलांपाशी रेंगाळत होते. एकाच्या वशिंडावर त्यांनी हात ठेवला.

मुक्ताने त्यांचे बोट धरले होते. "आजोबा, तुमचा बैल कुठे गेला?"

मी तिला पाखऱ्याची गोष्ट वाटेत सांगितली होती. घाटाचा भाग सांगितला नव्हता. कसा सांगावा ते ठरत नव्हते.

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग ते खाली बसले, म्हणजे उकिडवे, मुक्ताच्या उंचीचे झाले.

"इथेच विकला," ते म्हणाले. "दलालाला."

"दलाल म्हणजे?"

"जो घेतो आणि पुढे विकतो."

"मग त्याने पुढे कुठे नेला?"

"मी विचारले नाही."

"का नाही विचारले?"

बाबा बैलाच्या खुराकडे बघत राहिले. शेजारी कोणीतरी सौदा करीत होते, फडक्याखाली बोटे दाबण्याची जुनी रीत सोडून मोबाइलवर आकडे दाखवीत होते. पाळण्याचा भोंगा वाजत होता.

"विचारले असते तर त्याने सांगितले असते," बाबा म्हणाले.

चोवीस वर्षे आम्ही दोघांनी हे वाक्य मधोमध ठेवून बाजूने ये-जा केली होती. माझ्याच्याने तेथे उभे राहवेना. मी मुक्ताला जवळ घेतले आणि म्हटले, "ढगही घाटावर गेला नाही, मुक्ता. आजींनी त्याला विकला. तो नर होता, त्याला पोसणे आजींना परवडत नव्हते. मी तुला खोटे सांगितले."

मला वाटले ती रडेल. ती रडली नाही. तिने माझा हात सोडला आणि बाबांच्या आणखी जवळ जाऊन उभी राहिली. जणू या प्रकरणात खरे बोलणारा माणूस कोण हे तिने ठरवले होते. दोघे बराच वेळ त्या बैलापुढे होते. बाबा तिला वेसण दाखवत होते, शिंगांची ठेवण दाखवत होते, जू कोठे बसते आणि मानेवर घट्टा कसा पडतो ते सांगत होते. बैलवाल्यानेही हरकत घेतली नाही. गिऱ्हाईक नव्हतेच.

परतीच्या वाटेवर गाडीत बाबा पुढे बसले होते. ऊन उतरले होते, बारवीच्या पाण्यावर तांबूस रंग आला होता. मुक्ता मागून त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "आजोबा, पाखऱ्या किती दाती होता?"

"तो? तो जुळलेला होता, बाळ."

ती मागे सरून माझ्याकडे वळली. "आई, जुळलेला म्हणजे काय?"

"आजोबांनाच विचार," मी म्हणाले.